घड्याळाची दुरुस्ती आणि चालतीं कामें

घड्याळ दोन कामें करितें. आतां किती वाजले हें तें सांगतें, आणि एका क्षणापासून दुसऱ्या क्षणापर्यंत किती काळ गेला हेंहि तें मोजतें. दोन्ही कामें एकाच कांट्यांनीं होत असल्यामुळें तीं वेगळीं आहेत हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. घड्याळ मागें पडलें असेल तर पुढें करावें, पुढें गेलें असेल तर मागें घ्यावें. यांत विचार करण्यासारखें तें काय, असेंच पुष्कळांस वाटतें. परंतु ज्या घड्याळाच्या आधारानें इतर शेंकडों कामें चाललेलीं असतात, त्याचे कांटे एकाएकीं हलविले म्हणजे काय होतें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. मुंबई शहरानें हा अनुभव १९०६ सालीं घेतला, साऱ्या हिंदुस्थानानें १९४२ ते १९४५ या युद्धकाळांत घेतला, आणि जगभर अहोरात्र चालणाऱ्या संगणकांनीं तो २०१२ सालीं पुन्हा घेतला. तीन्ही प्रसंगांचें मूळ एकच आहे.

आपल्याकडील जुन्या कालगणनेंत हीं दोन कामें स्पष्टपणें वेगळीं ठेवलेलीं होतीं. लग्नाच्या मुहूर्तासाठीं घटिकापात्र मांडीत, तेव्हां सूर्याचें बिंब क्षितिजावर अर्धें दिसत असतां पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तें तळाला बारीक छिद्र असलेलें तांब्याचें वाडगें सोडावयाचें. तें भरून बुडालें कीं एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटें. तिचीं साठ पळें, आणि प्रत्येक पळ २४ सेकंदांचें. वेळ कोणती हें सूर्यानें ठरवावयाचें, आणि किती काळ गेला हें पाण्यानें मोजावयाचें, अशी ही वांटणी होती. एकदां वाडगें पाण्यांत सोडलें म्हणजे त्याला कोणी मध्येंच हात लावीत नसे. मोजणी चुकली अशी शंका आली तर दुसऱ्या दिवशीं सूर्याच्या साक्षीनें नवी मोजणी सुरू होई. तरंगत असलेल्या वाडग्यांत ओंजळभर पाणी घालून कोणी वेळ जुळवून घेत नसे. यांत केवळ धार्मिक पावित्र्याचा भाग होता असें नाहीं. चालू मोजणींत ढवळाढवळ केली तर ती मोजणीच राहत नाहीं, हें त्यांत व्यवहारानें ओळखलेलें होतें.

सूर्यावरून वेळ ठरविण्याची पद्धत असतां प्रत्येक गांवाची वेळ निराळी असते. पृथ्वी एक अंश फिरावयास चार मिनिटें घेते. म्हणून पूर्वेकडील गांवीं दुपार आधीं होते व पश्चिमेकडील गांवीं मागाहून. देवगड हें सुमारें ७३ अंश २२ कला पूर्व रेखांशावर आहे, तर मुंबईची कुलाबा वेधशाळा सुमारें ७२ अंश ४९ कलांवर. यामुळें देवगडच्या किल्ल्यावर सूर्य माथ्यावर येतो, तेव्हां मुंबईच्या मध्यान्हास अद्याप सव्वादोन मिनिटें अवकाश असतो. इतक्या अल्प फरकाची खंत कोणाला नव्हती. कोळ्याचा दिवस भरती-ओहोटीनें बांधलेला, आणि भरती तर रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येणारी. मुंबई-गोवा मार्गावरच्या आगबोटी ज्या काळीं देवगड बंदरांत थांबत, त्या काळीं उतारू पडावांत बसून बोटीची वाट पाहत, आणि बोट कधीं येणार हें वारा आणि समुद्रच ठरवीत. तेथें दोन मिनिटांचा हिशेब कोण ठेवणार?

हिशेब ठेवण्याची गरज आगगाडीनें आणि तारायंत्रानें उत्पन्न केली. एका रुळावर समोरासमोरून दोन गाड्या यावयाच्या असतील, तर दोन स्टेशनांच्या मास्तरांचीं घड्याळें एकच वेळ दाखविणारीं पाहिजेत. हिंदुस्थानांतील रेल्वेनें व तारखात्यानें याकरितां मद्रासची वेळ पत्करली. मद्रास येथें १७९२ पासून वेधशाळा होती, आणि तें शहर मुंबई व कलकत्ता यांच्या मधल्या रेखांशावर होतें. मद्रासची वेळ मुंबईच्या सुमारें तीस मिनिटें पुढें असे. अर्थात् मुंबईकर रेल्वेस्टेशनवर एक वेळ वाची आणि घरीं दुसरी वाची. दोन घड्याळें होतीं, तरी प्रत्येकाला आपलें काम कोणत्या घड्याळावर आहे हें ठाऊक होतें. म्हणून गोंधळ झाला नाहीं.

गोंधळ झाला तो दोहोंचें एक करण्याच्या पहिल्या प्रयत्नांत. १८८१ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांतून मद्रासची वेळ सुरू केली. हेतु सोयीचा होता. परंतु ज्यांच्या दिवसाचें वेळापत्रक बदलावयाचें होतें त्यांचें मत कोणी विचारलें नव्हतें. वर्तमानपत्रांतून टीका झाली, व्यापाऱ्यांनीं नाराजी दाखविली, आणि राजाबाई टॉवरवरच्या घड्याळांत कोणती वेळ असावी या प्रश्नावर विद्यापीठाच्या सेनेटनेंहि मुंबईच्या वेळेचाच पक्ष घेतला. अखेर १८८३ सालीं सरकारनें हा उपक्रम मागें घेतला. घड्याळ जुळविण्याचा हुकूम काढणें सोपें, परंतु घड्याळावर चाललेलें शहर जुळविणें कठीण, हा त्यांतील धडा. तो मात्र फार काळ स्मरणांत राहिला नाहीं.

पुढें १८८४ च्या ऑक्टोबरांत वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेंत ग्रीनिच येथील रेखावृत्त जगाचें मूळ रेखावृत्त म्हणून मान्य झालें. त्याला धरून हिंदुस्थानची एक वेळ असावी, अशी मागणी शास्त्रीय मंडळींकडून होऊं लागली. शेवटीं ८२॥ अंशांचें, मिर्झापूरजवळून जाणारें रेखावृत्त निवडण्यांत आलें. तेथील वेळ ग्रीनिचच्या बरोबर साडेपांच तास पुढें असते. १ जुलै १९०५ पासून रेल्वे व तार या खात्यांनीं ही प्रमाणवेळ घेतली. मद्रासच्या वेळेपेक्षां ती अवघी नऊ मिनिटें पुढें असल्यामुळें त्यांचा बदल लहान होता. १ जानेवारी १९०६ रोजीं, सोमवारीं, मुंबई सरकारनेंहि ती स्वीकारली. मुंबईच्या घड्याळाला मात्र एकदम ३९ मिनिटांची उडी मारावी लागली. जुन्या मापानें ही एक घटका आणि साडेसदतीस पळें.

आतां या उडीनें कोणाचें काय गेलें? दिवसाचे तास चोवीसच राहिले. सूर्य उगवावयाचा तेव्हांच उगवला. कागदावर पाहिलें तर बदलला तो केवळ आंकडा. परंतु जे लोक आंकड्यावर चालत होते, त्यांच्या दृष्टीनें सारेंच बदललें. जानेवारीच्या आरंभीं मुंबईंत सूर्योदय प्रमाणवेळेप्रमाणें सुमारें सात वाजून बारा मिनिटांनीं होतो; मुंबईच्या जुन्या वेळेप्रमाणें तो सुमारें सहा वाजून तेहतीस मिनिटांचा होय. समजा, एखाद्या गिरणीचें दार सकाळीं सहाला उघडत असे. जुन्या घड्याळाप्रमाणें मजूर सूर्योदयापूर्वीं अर्धा तास तेथें पोंचत असे. नव्या घड्याळाप्रमाणें आंकडा तोच राहिला, परंतु त्याला सूर्योदयापूर्वीं सव्वा तास दाराशीं हजर होणें भाग पडलें. त्याच्या चाळींत घड्याळ नव्हतें. उजेड, कोंबड्याचें आरवणें आणि गिरणीचा भोंगा यांवर त्याची पहांट चाले. भोंगा अंधारांत वाजूं लागला, आणि उशीर झाल्यास दंड मात्र पूर्वींप्रमाणेंच राहिला.

त्यांतून घड्याळ होतें मालकाच्या ताब्यांत. सकाळीं पुढें केलेलें हें यंत्र संध्याकाळीं सुटतेवेळीं तितकेंच प्रामाणिक राहील कीं नाहीं, ही शंका मजुरांस येणें स्वाभाविक होतें. गिरण्यांत नुकतेच विजेचे दिवे येऊं लागले होते, आणि त्या उजेडांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबविला जात असल्याची तक्रार १९०५ सालींच उठली होती. प्रौढ पुरुष मजुराच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा तेव्हां नव्हती. कापडगिरण्यांत बारा तासांची ती मर्यादा १९११ च्या कायद्यानें आली. तोंपर्यंत मजुराचें संरक्षण एकच होतें, तें म्हणजे सूर्य. तो उगवला म्हणजे काम सुरू, मावळला म्हणजे काम बंद. घड्याळाच्या उडीनें तें संरक्षण आणखी दुबळें होईल, असें त्याला वाटलें. जानेवारी १९०६ मध्यें हजारों गिरणीमजुरांनीं नव्या वेळेवर कामास जाण्याचें नाकारलें आणि गिरण्यांवर दगडफेकहि झाली.

या प्रकरणाशीं कोंकणचा संबंध निकटचा आहे. त्या काळीं मुंबईच्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी जिल्हा अग्रभागीं होता, आणि देवगड तालुका तेव्हां त्याच जिल्ह्यांत मोडे. सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा १९८१ सालीं झाला. गांवीं नांगर सूर्याबरोबर धरावयाचा आणि जाळें भरतीबरोबर टाकावयाचें, अशा शिस्तींत वाढलेले हे लोक होते. ते आळशी होते म्हणून घड्याळावर रागावले, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांनीं जो करार मनांत धरला होता तो उजेडाचा होता. सरकारनें बदलला तो आंकडा. आणि त्या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा हें त्यांना कोणी सांगितलें नाहीं. खरें पाहतां मार्ग सोपा होता. प्रमाणवेळ घेऊन गिरणीचें दार सहाऐवजीं साडेसहाला उघडलें असतें, तर सूर्याच्या मानानें फरक अवघ्या नऊ मिनिटांचा उरला असता. घड्याळ बदलतांना घड्याळावर टांगलेली प्रत्येक मुदतहि पुन्हा तपासावी लागते, ही गोष्ट तेथें राहून गेली.

पांढरपेशा वर्गाचा विरोधहि कमी नव्हता. सभा झाल्या, अर्ज गेले, आणि मुंबईच्या महापालिकेनें त्याच वर्षीं आपल्या घड्याळांत पुन्हा मुंबईची वेळ लावली. सरकारी कचेरींत एक वेळ आणि महापालिकेच्या घड्याळांत दुसरी, अशी स्थिति त्या शहरांत स्वातंत्र्य मिळाल्यावरहि कांहीं काळ टिकली. कलकत्त्यानें आपली स्थानिक वेळ १९४८ पर्यंत सोडली नव्हती. मुंबईंत कोणी भेटीची वेळ ठरविली तर ‘मुंबई टाइम कीं स्टॅण्डर्ड टाइम’ असा प्रश्न ओघानेंच येई. हा प्रश्न त्रासाचा खरा, परंतु सुज्ञपणाचाहि होता. कारण वेळेचा आंकडा सांगतांना तो कोणत्या घड्याळाचा हें सांगितलें नाहीं, तर आंकड्याला अर्थ उरत नाहीं.

याचा प्रत्यय दुसऱ्या महायुद्धांत आला. १ सप्टेंबर १९४२ पासून देशांतील घड्याळें एक तास पुढें करण्यांत आलीं व १५ ऑक्टोबर १९४५ रोजीं तीं पूर्ववत् झालीं. या तीन वर्षांत देवगडचा सूर्य घड्याळाप्रमाणें सरासरी दुपारीं एक वाजून साडेछत्तीस मिनिटांनीं माथ्यावर येई. येथें उडी एकदां पुढें झाली व एकदां मागें, आणि मागच्या उडीचा दोष अधिक गहन असतो. घड्याळ पुढें केलें कीं एक तास हरवतो; त्या तासांत कांहीं घडलेंच नाहीं, एवढेंच. घड्याळ मागें घेतलें कीं एक तास दोनदां येतो. त्या रात्रीं पहिल्या फेरींत पाऊण वाजतां एक मूल जन्मलें आणि दुसऱ्या फेरींत सव्वा घटका आधींच्या आंकड्यावर दुसरें जन्मलें, तर नोंदवहींत धाकटें मूल थोरलें ठरेल. केवळ आंकडा पाहून ही चूक कोणालाहि शोधून काढतां येणार नाहीं.

त्या तीन वर्षांत जन्मलेल्यांच्या पत्रिका मांडतांना जोशी लोकांस अजून विचारावें लागतें कीं, ही वेळ युद्धाची कीं प्रमाण? चोवीस तासांत बारा लग्नें उगवतात, म्हणजे एक लग्न सुमारें दोन तास राहतें. अर्थात् एका तासाचें विस्मरण झाल्यास निम्म्याच्या जवळपास पत्रिकांत लग्नच बदलून जाईल. फलज्योतिषावर विश्वास असो वा नसो, नोंदींचा नियम यांतून स्पष्ट होतो. आंकड्याबरोबर घड्याळाचें नांव लिहिलें पाहिजे.

येथवर माणसांची गोष्ट झाली. माणूस रागावतो, अर्ज करतो, क्वचित् दगडहि मारतो. परंतु अखेरीस तो समजूत घालून घेतो. यंत्राला समजूत नसते. आजच्या व्यवहारांत पैसे पोंचविणें, तिकिटें देणें, निरोप धाडणें, वीज व दूरध्वनि यांची व्यवस्था ठेवणें, हीं कामें सर्व्हर नांवाचे संगणक करीत असतात. मागणी आली कीं उत्तर द्यावयाचें आणि रात्रंदिवस थांबावयाचें नाहीं, हा त्यांचा धर्म. प्रत्येकाच्या पोटांत क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारें घड्याळ असतें. तें उष्णतेनें किंवा वयोमानानें किंचित् मागें-पुढें सरकतें, आणि दिवसाकाठीं एखाद-दुसऱ्या सेकंदाचाहि फरक पडूं शकतो. म्हणून तें बाहेरच्या खात्रीच्या घड्याळाशीं वरचेवर ताडून पाहावें लागतें. या कामासाठीं अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनीं तयार केलेली ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ ही पद्धत १९८५ पासून रूढ आहे.

या यंत्रांचा जीव मुदतींत असतो. समोरून तीस सेकंदांत उत्तर न आलें तर संबंध तोडावा. अमुक ओळखपत्र तमुक वेळेपर्यंतच ग्राह्य धरावें. मध्यरात्रीं हिशेब मिटवावा. दोन नोंदींत जिची वेळ उशिराची ती नवी समजावी. असे नियम त्यांना घालून दिलेले असतात. आतां घड्याळ एकदम पुढें केलें तर जेथें तीन सेकंद झाले होते तेथें तीस उलटून गेल्याचें दिसतें. साऱ्या मुदती एकाच क्षणीं संपतात. धडधाकट संबंध तुटतात, ओळखपत्रें बाद होतात, आणि त्या हरवलेल्या वेळांत करावयाचें काम राहून जातें. घड्याळ मागें घेतलें तर त्याहून विचित्र. मध्यरात्र दोनदां होऊन एकच हिशेब दोनदां मिटूं शकतो. आतांच केलेली नोंद जुनी ठरून मागली नोंद तिच्यावर मात करते. आणि एखादें काम सुरू होण्यापूर्वींच संपलें, म्हणजे त्याला शून्याहूनहि कमी काळ लागला, असा हिशेब निघतो. ओळख पटविण्याच्या कर्बेरॉस नांवाच्या एका प्रचलित पद्धतींत तर दोन यंत्रांच्या घड्याळांत पांच मिनिटांहून अधिक अंतर दिसल्यास दार उघडलेंच जात नाहीं, असा सर्वसाधारण दंडक आहे.

हें सारें एका सेकंदानेंहि घडूं शकतें. पृथ्वीचें भ्रमण आणवीय घड्याळांइतकें एकसारखें नाहीं. दोहोंचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून मधून मधून जागतिक वेळेंत एक जादा सेकंद घालण्याची प्रथा पडली. २०१६ अखेर असे सत्तावीस लीप सेकंद घातले गेले. त्यांपैकीं एक ३० जून २०१२ च्या अखेरीस घातला गेला. भारतांत तेव्हां १ जुलैची पहांट, साडेपांचाचा सुमार होता. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या पुष्कळ सर्व्हरांनीं आपलें मुख्य घड्याळ नियमाप्रमाणें एक सेकंद मागें घेतलें. पण सूक्ष्म गजर वाजविणाऱ्या अंतर्गत भागास ही वार्ता पोंचलीच नाहीं. तो भाग एक सेकंद पुढेंच राहिला. ‘अर्ध्या सेकंदानें उठव’ असें सांगून जें काम निजे, त्याची वेळ टळून गेली असें समजून हा भाग त्याला तत्क्षणीं उठवी. तें पुन्हा निजे, पुन्हा उठे. अशा रीतीनें यंत्रें कांहींहि न करतां पूर्ण शक्तीनें धापा टाकूं लागलीं. रेडिट, मोझिला इत्यादि संस्थांच्या सेवा अडखळल्या. क्वान्टस या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीच्या प्रवाशांची नोंद हातानें करावी लागली आणि उड्डाणांस उशीर झाला. उपाय निघाला तो मात्र साधा होता. आज्ञा देऊन यंत्राची तारीख-वेळ पुन्हा एकदां लावली कीं गजराच्या भागास जाग येई.

३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरच्या सेकंदाला क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या कांहीं सर्व्हरांवर दुसराच प्रकार झाला. तेथील एका कार्यक्रमांत दोन वेळांची वजाबाकी करून उत्तराला किती काळ लागला हें काढीत असत. काळ उलटा जाणार नाहीं, हें गृहीत धरलेलें होतें. घड्याळ सेकंदभर मागें आलें, वजाबाकी ऋण झाली, आणि कार्यक्रम कोसळला. लिहिणाऱ्याचें गणित बरोबर होतें. चूक होती ती वेळ सांगणाऱ्या घड्याळाकडून काळ मोजून घेण्यांत.

यावर तोडगे तीन प्रकारचे निघाले, आणि तीन्ही मनन करण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, घड्याळाला उडी मारूं न देतां त्याची चाल किंचित् बदलावयाची. तें मागें असेल तर जरा वेगानें आणि पुढें असेल तर जरा संथ चालवावयाचें. नेटवर्क टाइम प्रोटोकॉलच्या प्रचलित व्यवस्थेंत हा फेरफार दर सेकंदास अर्ध्या सहस्रांशाहून अधिक नसतो. एका सेकंदाची चूक दुरुस्त होण्यास त्यामुळें दोन हजार सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटें लागतात. याच गतीनें मुंबईचीं ३९ मिनिटें १९०६ सालीं भरून काढलीं असतीं तर रोज त्रेचाळीस सेकंद याप्रमाणें सुमारें चौपन्न दिवस लागले असते, आणि कोणत्याहि मजुराला आपली पहांट हलल्याचें जाणवलें नसतें. अर्थात् हातानें किल्ली द्यावयाच्या हजारों घड्याळांना हें शक्य नव्हतें. परंतु तुलना उद्बोधक आहे. या व्यवस्थेंत आणखी एक मर्यादा आहे. फरक एक हजार सेकंदांहून, म्हणजे पावणेसतरा मिनिटांहून अधिक दिसला, तर ती आपण होऊन दुरुस्ती करीत नाहीं. कांहींतरी मोठी चूक आहे, माणसानें येऊन पाहावें, असें नोंदवून ती थांबते. ३९ मिनिटांची उडी तिनें नाकारलीच असती!

दुसरा तोडगा म्हणजे दोन घड्याळें ठेवणें. एक वेळ सांगणारें. तें दुरुस्त होत राहील. दुसरें केवळ गेलेला काळ मोजणारें. तें कधीं मागें येत नाहीं आणि बाहेरच्या दुरुस्तीनें उडी मारीत नाहीं. मुदती सगळ्या दुसऱ्यावर टांगावयाच्या. क्लाउडफ्लेअरचा कार्यक्रम ज्या ‘गो’ नांवाच्या भाषेंत लिहिलेला होता, तिनें २०१७ सालींच ही सोय आपल्यांत आणली. सूर्य आणि घटिकापात्र यांची जुनी वांटणी ती हीच.

तिसरा तोडगा गूगलनें २००८ पासून वापरला. जादा सेकंद एका ठिकाणीं न घालतां त्याचे बारीक तुकडे करून अनेक तासांवर पसरावयाचे. सेकंद येतो, पण कोठें आला हें कोणत्याहि यंत्राला कळत नाहीं. मात्र यांत एक अट आहे. परस्परांशीं व्यवहार करणाऱ्या सर्व यंत्रांनीं एकाच रीतीनें तो पसरला पाहिजे. निम्म्यांनीं पसरला आणि निम्म्यांनीं उडी मारली, तर मुंबईची सरकारी वेळ आणि महापालिकेची वेळ यांसारखीच स्थिति व्हावयाची.

या अनुभवांचा परिणाम शेवटीं नियमांवरहि झाला. भारतांत प्रमाणवेळ सांभाळण्याचें काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. २८ एप्रिल २०२२ रोजीं केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेनें काढलेल्या आदेशांत, सर्व्हर चालविणाऱ्यांनीं आपलीं घड्याळें त्या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेळेशीं, अथवा त्यांच्याशीं जुळणाऱ्या वेळेशीं जोडून ठेवावींत असें सांगितलें. चोरी किंवा फसवणूक झाली असतां दहा ठिकाणच्या नोंदी एका क्रमानें लावतां आल्या पाहिजेत, हा त्याचा हेतु. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें ठरविलें कीं, पृथ्वीचें भ्रमण आणि घड्याळ यांच्यांत आज पाळली जाणारी एका सेकंदाच्या आंतील मर्यादा २०३५ पर्यंत वाढवावी. म्हणजे वारंवार सेकंद घालण्याचा प्रसंग टळेल. सूर्याशीं किंचित् अंतर पडलें तरी चालेल, पण चालत्या यंत्रांना वारंवार धक्का नको, असा हा निर्णय आहे.

१९०६ च्या मुंबईंत आणि २०१२ च्या संगणकांत दुरुस्ती मुळांत चुकीची नव्हती. देशाला एक वेळ हवी होती, आणि आज ती कोणालाहि जाचत नाहीं. देवगडच्या बागाईतदाराचे आंब्यांचे पैसे दूरच्या पेढींतून क्षणांत जमा होतात, ते एका वेळेवर चालणाऱ्या यंत्रांमुळेंच. चूक झाली ती दुरुस्तीच्या रीतींत. जें कोणी त्या घड्याळावर विसंबून होतें, मग तो गिरणीच्या दाराशीं अंधारांत उभा राहणारा मजूर असो किंवा यंत्राच्या पोटांतील गजर असो, त्याला बदलाची वार्ता पोंचली नाहीं. खरी वेळ लावणारावर जबाबदारी दुहेरी असते. आंकडा बरोबर असला पाहिजे, आणि त्या आंकड्यावर ज्यांनीं आपलीं कामें बांधलीं आहेत त्यांना सांवरावयास अवधि मिळाला पाहिजे.